हाडाची प्रत

“हाड छान आहे हो तुमचं,” दातांची डॉक्टर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. म्हणजे हे आपल्यालाच म्हटलं गेलंय, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात लोक तिच्याबद्दल बरंच चांगलं बोलले होते. अक्षर चांगलं, हाताला चव आहे, वर्गावर हुकमत आहे. पण हाड? हाडाबद्दल आजवर जे काही कानावर आलं होतं ते सगळं एकाच सुरात, दबक्या आवाजात, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं. पडद्यावर तिचा जबडा तरंगत होता. मघाशी शेजारच्या खोलीत हनुवटी टेकवून, दातांत प्लास्टिकची काडी धरून ती उभी राहिली होती, तेव्हा जे यंत्र डोक्याभोवती गुरगुरत एक फेरी मारून गेलं होतं, त्याने हे काढलं होतं. काळ्या पाण्यातून वर आल्यासारखा राखाडी जबडा, वरच्या ओळीत मधोमध खिंडार. डॉक्टर माउसचं चाक फिरवत होती आणि जबड्याचे पातळ पातळ काप एकामागून एक सरकत होते, आणि तिला स्वतःच्याच तोंडात असं आरपार फिरून येताना भीती वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. उलट पोटात काहीतरी हलकं, फेसाळ असं वर चढत होतं. “ही बाहेरची पांढरी कड बघा, कशी सलग आहे,” डॉक्टर म्हणाली. ती तिच्या मुलीच्या वयाची होती आणि बोलताना मास्कच्या आतून हसायची, ते डोळ्यांवरून कळायचं. “आणि आत ही जाळी. ही विरळ असली ना, की स्क्रू धरत नाही. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकावा तसं होतं. तुमची जाळी दाट आहे.”

भुसभुशीत. नेमका हाच शब्द. ताईचा शब्द. ‘आपल्या घराण्याची हाडंच भुसभुशीत,’ असं ताई म्हणायची, एखाद्या घराण्याची गाण्याची परंपरा सांगावी त्या थाटात. “पण डॉक्टर, आमच्याकडे सगळ्यांची हाडं...” तिने सुरुवात केली. “म्हणून तर तुमची घनतेची तपासणी मागवली होती,” डॉक्टर म्हणाली. “आईचं घरातल्या घरात पडून मांडीचं हाड मोडलं, असं तुम्ही सांगितलंत ना, तेव्हाच. नुसत्या जबड्यावरून अख्ख्या अंगाचं सांगता येत नाही. तो रिपोर्टही आलाय. कणा उत्तम, खुबा उत्तम.” “वयाच्या मानाने?” “वयाच्या मानाने नाही हो. नुसतंच उत्तम.” मग तिने चाक थोडं मागे फिरवलं आणि एका कापावर थांबली. “इथे मात्र जरा गंमत आहे. दात गेला की हाडाला वाटतं आपलं काम संपलं, आणि ते झिजायला लागतं. तुम्ही सहा वर्षं थांबलात. डावीकडे रुंदी पुरते, उजवीकडे थोडी कमी आहे. तिथे हाडाची पूड भरू. दोन स्क्रू, त्यावर चार दातांचा पूल. हाडाने स्क्रू धरेपर्यंत काही महिने कळ काढावी लागेल, बस.” ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. एवढ्या कापांत कुठेतरी आपली भीती दिसेल, एखादी काळी भेग, एखादं कुरतडलेलं भोक, म्हणून ती डोळे ताणून शोधत होती. मिळत नव्हती. घरात शिरलेला साप सगळे कोपरे धुंडाळूनही सापडू नये, आणि मग हळूहळू संशय यावा की तो शिरलाच नव्हता, तसं तिचं झालं.

बाहेर आल्यावर ती लिफ्टपाशी सवयीने थांबली आणि मग जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या नेहमीसारख्या, कठडा धरून. मग तिने कठडा सोडला. टाच जोरात आपटून पाहिली. आवाज पायातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत चढला आणि कुठेच काही तुटलं नाही. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसू फुटताच हात आपोआप तोंडावर गेला, कारण टाळूवरची नकली दातांची प्लेट हसताना खाली घसरायची. समोरून फायली घेऊन वर येणारा माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला. जिन्यात एकटीच पाय आपटत, तोंडावर हात धरून हसणारी बाई त्याने आधी कधी पाहिली नसावी. रस्त्यावर ऊन होतं, दुकानांच्या काचा झळाळत होत्या, आणि तिला जो जो दिसे त्याच्या आतला सांगाडा दिसू लागला. फळवाला, पोलीस, दुचाकीवर मागे बसलेली मुलगी, सगळी कशी आतल्या आत उभी होती, किती सहज, कुणी कुणाला न विचारता. आणि या सगळ्यांसारखीच आपणही आहोत, हे तिला आज, आत्ता, उशिराच्या टपालासारखं मिळालं होतं.

आई पडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पडदा अडकवायला आई स्टुलावर चढली होती, आणि स्टूल काही उंच नव्हतं, घरातलं नेहमीचंच. पडण्याचा आवाजही मोठा नव्हता. पण त्यानंतर आई पलंगावरून उठली ती कुबडीवर, आणि घरात एक नवीन शब्द राहायला आला. जपून. जपून उतर, जपून बस, जपून शिंक असंही ताई एकदा म्हणाली होती आणि बाबा खो खो हसले होते, पण ताई हसली नव्हती. ताई तेव्हा सोळाची, पोहण्याच्या स्पर्धांतली. तिचे खांदे मुलांसारखे रुंद होते आणि केसांना कायम पाण्याचा वास. त्या वर्षी तिने पोहणं सोडलं. आईला उठवायला, बसवायला कुणीतरी हवं होतं हे खरंच, पण ताई ते कारण कधी सांगत नसे. ती म्हणायची, ‘तलावाच्या काठावर घसरले असते तर? आपली हाडं ही अशी.’ पुढे आईचे दातही एकेक करून गेले, चाळिशी उलटता उलटता, आणि तिचं तोंड नाडी ओढलेल्या बटव्यासारखं मिटत गेलं. आई शेवटी शेवटी हसत नसे, नुसती मान हलवायची. हे सगळं आपल्यातही आत कुठेतरी साठवलेलं आहे, वेळ झाली की निघेल, असं धरूनच ती वाढली. सायकल शिकली नाही. सहलीत डोंगराच्या पायथ्याशी बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. मुलीला कडेवर घेतानाही आधी भिंतीला टेकायची. नवरा तिला लाडाने काचेचं कपाट म्हणायचा, आणि तीही ते कौतुकासारखं घ्यायची. हाडीमाशी खिळलं होतं ते. आता मांस तसंच होतं आणि हाडाने हात वर केले होते, मला यातलं काही माहीत नाही म्हणून.

तिने पदपथावर थांबून नवऱ्याला फोन लावला. तो नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि फोनवर नेहमी रेघ मारता मारता बोलल्यासारखा बोलायचा. “अहो, ऐका ना. हाड चांगलं निघालं.” “कुणाचं?” “माझं! जबड्याचं, कमरेचं, सगळं.” तो म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं सगळी जड पिंपं मी एकट्यानेच उचलली ती फुकटच म्हणायची.” ती हसली, हात न लावता, आणि प्लेट जिभेने वर ढकलली. “आणि शाळेत कळवलंस का?” त्याने विचारलं. “हाडाची शिक्षिका म्हणून भाषणात म्हणायचे ना सगळे, आता पुराव्यासकट दाखवते म्हणावं.” शाळेचं नाव निघालं आणि तिचा श्वास पुन्हा लहान झाला, आनंदानेच, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी होतो तसा. कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिने वीस-बावीस वर्षं बोलणं शिकवलं होतं. समोर आरसा, ओठांपुढे कागदाची पट्टी, ‘प’ म्हटला की पट्टी उडायची, ‘म’साठी मुलं तिच्या जबड्यावर तळहात ठेवायची, ‘त’साठी तिच्या तोंडात डोकावायची, जीभ वरच्या दातांना मागून कुठे टेकते ते पाहायला. त, थ, द, ध, न. दंत्य. व्याकरणात एका ओळीत संपणारा शब्द, पण त्यासाठी दात लागतात हे तिला दात गेल्यावर कळलं. मधल्या सुट्टीत वर्गाचं दार आतून कुणीतरी धाडकन ढकललं आणि ती पाण्याच्या नळाखालच्या दगडी कठड्यावर तोंडावर आपटली. चार दात गेले. हाड मात्र, तिला आत्ता सुचलं आणि ती जागीच थबकली, हाड तेव्हाही कुठलंच मोडलं नव्हतं! मनगट नाही, कोपर नाही, काही नाही. एवढी आपटूनही. पण ताई दवाखान्यात आली होती आणि म्हणाली होती, ‘दातांवर निभावलं. आता त्या स्क्रूबिक्रूच्या नादी लागू नकोस, आपला जबडा तेवढ्याने दुभंगेल,’ आणि तिने ते मुकाट्याने मानलं होतं.

मग प्लेट आली, टाळू झाकणारी, गुलाबी, तारेच्या आकड्यांची. जिभेला आपलं घर परकं झालं. ‘त’ जाड यायला लागला, आणि दर वेळी प्लेट सुटून परत बसायची तेव्हा टक् असं व्हायचं. तिला वाटलं, मुलांना काय ऐकू येणार आहे? पण मुलं ऐकत नव्हती, पाहत होती. एके दिवशी पहिल्या बाकावरच्या नकट्या मुलीने आरशासमोर ‘त’ म्हटला, सुंदर म्हटला, आणि म्हणून झाल्यावर जबडा किंचित पुढे काढून, गाल आत ओढून, एक छोटासा झटका दिला. टक्. पुन्हा ‘त’, पुन्हा टक्. डोळे शाबासकीसाठी बाईंकडे लागलेले. त्या पोरीने अक्षर पुरतं उचललं होतं, प्लेटसकट. तिने त्या दिवशी मुलीला शाबासकी दिली, घरी येऊन रडली, आणि दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिकेला सांगून श्रवण-तपासणीच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे बोलावं लागत नसे. यंत्राची बटणं दाबायची, मूल हात वर करतं का ते पाहायचं. खोलीच्या भिंती आवाज खाणाऱ्या होत्या. तिथेच निवृत्त व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि परवा परवापर्यंत ते तिला शहाणपणाचं वाटत होतं. नवराच मागे लागला म्हणून ती डॉक्टरकडे गेली, आणि मनातून ‘नाही जमणार’ एवढं ऐकूनच परत यायचं ठरवून गेली.

ताईचं घर वाटेत नव्हतं, पण पाय तिकडेच वळले. दारापाशी आल्यावर मात्र तिचा फेस जरा बसला. ताईला हे कसं सांगायचं? ताईने लग्न केलं नाही, टेलिफोन कचेरीत बसून नोकरी केली, आईचं सगळं शेवटपर्यंत केलं, आणि आता या दोन खोल्यांत जागोजागी भिंतीला पितळी मुठी बसवून, न्हाणीत रबराच्या चटया अंथरून राहत होती. या मुठी, या चटया, सगळा संसारच मुळी एका समजुतीवर उभा होता. ती समजूत आपण पर्समध्ये घालून आणलेल्या दोन कागदांनी काढून घ्यायची? तिने बेल न वाजवता मागे फिरावं असा विचार केला. पण बातमी पोटात मावेना. ताईने दार उघडलं आणि तोंडाकडे पाहूनच म्हणाली, “काय झालं? नाही म्हणाली ना डॉक्टरीण? मी सांगितलंच होतं.” “ताई, हो म्हणाली. हाड दाट आहे म्हणाली. सगळ्या अंगाचं.” ताईने चष्मा लावला, रिपोर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “दुसऱ्या कुणाचा असेल.” “माझं वय बघ, नाव बघ.” “मग यंत्र बिघडलं असेल.” “दोन वेगळी यंत्रं आहेत, ताई, दोन वेगळ्या ठिकाणची.” ताईने कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि त्यावर साखरेची बरणी ठेवली, तो उडून जाईल म्हणून की तो उघडू नये म्हणून, कोण जाणे. “तू बाबांवर गेलीस,” ती शेवटी म्हणाली. “लहानपणीच दिसत होतं. घोट्यांवरून.” आणि चहा टाकायला आत गेली. आतून आधी भांड्यांचा आवाज आला. मग तिचा. “म्हणजे मी पोहणं सोडलं ते उगाच, असं म्हणायचंय का तुला?”

“मी असं कुठे म्हटलं?”

“म्हणायला कशाला पाहिजे.” ताई कप घेऊन बाहेर आली. तिचं तोंड आईसारखं मिटलं होतं. “आपण दोघी एका आईच्या. तुझं चांगलं निघालं तर माझंही चांगलंच असणार. मग मी काय केलं गं एवढी वर्षं? मुठी धरून बसले?” तिला वाटलं, जीभ चावून टाकावी. आनंदाला असं कुणाच्या दारी नेऊन सोडायचं नसतं, तो तिथे गोड वागेलच याचा नेम नसतो. तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईने तो काढला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. चहा निवला. मग ताई एकाएकी म्हणाली, “माझीही करून घे तपासणी.” “कशाला? राहू दे ना आता.” “राहू कसं देऊ? तू येऊन ही काडी लावलीस. आता खरं काय ते कळू दे. उगाच निघालं तर उगाच. पण माझं मला कळलं पाहिजे.” हे ती अशा आवाजात म्हणाली की सोळाव्या वर्षीची ताई, उडी मारण्याआधी फळीच्या टोकावर उभी असलेली, क्षणभर त्या खोलीत येऊन गेली.

ताईची तपासणी ठरली आणि मधले दिवस तिने विलक्षण अवस्थेत काढले. स्वतःच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती आणि त्या नुसत्या विचाराने तिला सकाळी गजराआधी जाग यायची. जिभेने ती खिंडार चाचपायची आणि त्या रिकाम्या हिरडीखाली आता कोणीतरी आहे, कामाची वाट पाहतंय, असं तिला वाटायचं. ती जिने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातलं पाण्याचं पिंप एकटीने सरकवलं आणि नवऱ्याने वर्तमानपत्राआडून “अरे वा, कपाट चालायला लागलं” म्हटलं. पण या सगळ्या उधाणाखाली एक प्रश्न खडकासारखा होता. ताईसाठी काय मागायचं? तिचं हाड चांगलं निघो, असं मनात आलं की लगेच ताईचे ते रुंद खांदे आठवायचे, आणि चांगल्या हाडांनिशी पंचेचाळीस वर्षं काठावर बसून राहिलेली बाई डोळ्यांपुढे यायची. मग वाईट निघो म्हणायचं? सख्ख्या बहिणीचं? छे. ती काहीच मागू शकली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं वाटत होतं की दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी ते आपल्यामुळे आलं असं होणार, आणि तरीही, तिची तिलाच लाज वाटे, सकाळी उठताना ओठांवर हसू असायचंच.

तपासणी केंद्रातल्या डॉक्टरने दोघींना आत बोलावलं तेव्हा ताईने पर्स छातीशी धरली होती. तो हळू बोलणारा, पोक्त माणूस होता. “ताई, हाडं बरीच विरळ झाली आहेत,” तो म्हणाला. “कणा आणि खुबा, दोन्हीकडे. औषधं देतो, उपाय आहेत. पण एक विचारतो. तुम्ही आजवर कधी पडला नाहीत?” “नाही,” ताई म्हणाली. “एकदाही?” “एकदाही नाही.” डॉक्टरने कागद खाली ठेवला. “कमाल आहे. अशा हाडांनिशी या वयापर्यंत एकही मोड नाही, असे लोक मला फार दिसत नाहीत. अंगाला ताकद देणारं काही करायचात का लहानपणी? चांगल्या खांद्यांच्या आहात. तेवढी शिल्लक कामी आली असेल. आणि बाकी तुम्ही सांभाळलंत.” ती ताईकडे बघायला घाबरत होती. तिने तयारी केली होती ती ताईच्या रडण्याची, किंवा त्याहून वाईट, गप्प होण्याची. पण ताईची मान हळूहळू वर आली. पाठ ताठ झाली. चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग लाली, आणि मग ज्याला दुसरं नावच नव्हतं असा विजय. “बघ!” ताई तिच्या दंडावर चापट मारत म्हणाली. “मी म्हणत नव्हते? मी सांगत नव्हते तुम्हाला सगळ्यांना? यंत्रसुद्धा तेच म्हणतंय!” आणि ती मोठ्याने हसली. तिचे स्वतःचे दात सगळे जागेवर होते, हे त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं, कारण ताईने ते असे कधी दाखवलेच नव्हते. “एकदाही पडले नाही,” ती डॉक्टरला पुन्हा म्हणाली. “लिहून घ्या.”

बाहेर झाडाखाली बाक होता, तिथे ताई टेकली, राणी टेकते तशी. औषधांचं काय, चालायचं किती, याची चौकशी तिने आतच करून घेतली होती, आणि गुडघाभर पाण्यात चालण्याचा व्यायाम चालेल का हेही विचारून घेतलं होतं, आणि डॉक्टर चालेल म्हणाला होता. धाकटी तिच्या शेजारी बसली. ताईचं आयुष्य वाया गेलं नव्हतं. ते कामाला आलं होतं. वाया गेली होती ती तिची स्वतःची भीती. तिच्या वाट्याला आलेलं सगळं जपणं तिला गरजच नसलेलं होतं, ताईच्या मापाचं शिवलेलं, मोठं, आणि ते ती इतकी वर्षं अंगात घालून हिंडली होती. याचं वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटायला सवडच होईना, इतकं छातीत काहीतरी उड्या मारत होतं. “तुझी शाळा सुटायला वेळ आहे ना अजून?” ताईने विचारलं. “आहे थोडा.” “मग मुख्याध्यापिकेला आजच सांगून ये, जूनपासून बोलण्याचा वर्ग परत द्या म्हणावं. उद्या त्या डॉक्टरणीने भोकं पाडल्यावर तुझं तोंड सुजेल, बोलता यायचं नाही.” “तुला घरी सोडून जाते.” “मला सोडायला मी काय लहान आहे? रिक्षाने जाईन. बस आली बघ तिकडे, हो पुढे.” ती उठली. दोन पावलं ताईच्या चालीने चालली, इतक्या वर्षांची सवय, मग स्वतःच्या. स्वतःची चाल कशी आहे हे तिला नीट माहीतही नव्हतं. ती निघाली आणि चाल भलतीच वेगवान निघाली. बसच्या पायरीवर पाय ठेवून तिने मागे वळून पाहिलं. बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली होती, आणि ताईने लिफाफ्यातून रिपोर्ट काढून तिच्या मांडीवर पसरला होता, आणि एका बोटाने, ओळीओळीवरून, तिला समजावून सांगत होती.